पाच पेशींचा नमुना

मामाचीच पोरगी केली म्हणून आमच्या लग्नात काष्टीतली सगळी भावकी खूश होती. नवरा माझ्या आत्याचा मुलगा. चारचौघांत ‘अहो’, पण मनात माझ्यासाठी अजून गोरक्षच. आम्हा दोघांच्या रक्तात एकच अर्धा दोष आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक? समर्थ आठ महिन्यांचा असताना थॅलेसेमिया निघाला. आता तो सहा वर्षांचा आहे. दर वीस दिवसांनी नगरला नेऊन त्याला रक्त चढवतो.

दुसरं मूल तरी निरोगी व्हावं म्हणून लॅबमध्ये गर्भ तयार करून घेतले. तग धरला एकानेच. त्याच्या पाच पेशी तपासायला पाठवल्या. रिपोर्ट आला, दोष दोघांकडूनही आलाय; म्हणजे बाळ समर्थसारखंच. गर्भ टाकून द्यायच्या कागदावर सही करायला मी पेन उचललं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “रेश्माताई, थांबा. हा रिपोर्ट शंभर टक्के पक्का नाही.”

झालं! माझ्या डोक्याचा पार भुगा.

“पाच पेशींतला डीएनए इतका थोडा, की तसा वाचता येत नाही. म्हणून मशीनमध्ये त्याच्या लाखो नकला काढतात. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून; कधीकधी त्या दोन प्रतींपैकी एकीचीच नक्कल निघते. चांगली प्रत तशी सुटली असेल, तर बाळ तुमच्यासारखंच ठणठणीत असेल.”

गोरक्ष दूध संकलन केंद्रावर फॅट तपासतो. तो लगेच म्हणाला, “मॅडम, कॅन न हलवता वरवरचं दूध घेतलं आसंल. नीट ढवळून पुन्हा घ्या की नमुना!”

“गर्भ ढवळता येत नाही हो. तो गोठवून ठेवलाय; पुन्हा पेशी काढायच्या तर वितळवावा लागेल. त्यात तो दगावूही शकतो.”

टाकायचा की पुन्हा तपासायचा? मला काही म्हणजे काही सुचेना. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो.

“आवं, समर्थचा रिपोर्ट असा आधीच हातात आला असता, तर तुमी सही केली असती?”

त्यानं ‘न्हाई’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “सुई टोचताना त्याचा हात मीच धरतो ना.” आणि तोंड फिरवून रडायला लागला.

मला त्याचा संताप आला. तो खरं बोलला, याचा जास्त आला. आत जाऊन मी ‘पुन्हा तपासा’वर सही केली. या खेपेला दोन्ही प्रती नीट निघू देत, असं देवाला म्हणायचं होतं; पण मी मनातल्या मनात समर्थची माफी मागत होते.