रतनबाईची कडक आंबील

अंबूबाईंनी पन्नास वर्षं एकच उत्तर दिलं होतं. "आंबील हाय, सायेब. नाचणीची. प्या की!" आणि साहेब प्यायचे. एका फौजदाराने तर तीन तांबे रिचवले, मिशा पुसल्या, पंचनाम्यात सुवाच्य अक्षरात 'आंबील' असं लिहिलं आणि आपली जीप आहे हे विसरून एसटीची वाट बघत बसला. हिर्डोशीला एसटी तेव्हाही दिवसातून दोनदाच यायची.

तर अशा ह्या घरात परवा पुण्याची कंपनी आली. चोरून नाही हो, रीतसर! परवाना काढून नाचणीची बिअर करायची आणि बाटलीवर घराण्याचा इतिहास छापायचा, असा त्यांचा बेत. इतिहास लिहून घ्यायला शेफाली नावाची मुलगी आली होती. तिने मोबाईल तीनपायी काठीवर बसवला आणि ओसरीवर मांडी घातली. समोर अंबूबाईंचा थोरला मुलगा गोरख, इस्त्रीचा शर्ट घालून. अंबूबाई आत चुलीपाशी, आणि सून मंगल भाकऱ्या थापत.

"आमच्या आज्यानं, सोनबानं, ह्यो धंदा उभा केला," गोरख सांगत होता. "पार राजवाड्यापत्तोर पखाली जायाच्या. सगळी पारख आज्याच्या जिभंवर!"

"वा! मग बाटलीवर 'सोनबा' हेच नाव टाकू," शेफाली म्हणाली. "फोटो आहे का त्यांचा?"

होता की. फेटा, झुपकेदार मिशा, सगळं.

आत अंबूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मामंजी माणूस देवासारखे, त्यात वादच नाही. पण त्यांना चहा उतू न घालवता करता यायचा नाही! ह्या धंद्याला त्यांनी हातभार लावला तो एकदाच. पोलिसांनी रांजण जप्त करून मामंजींसकट गाडीत घातला, तर भोरला पोचेपर्यंत मामंजींनी मुद्देमालच पिऊन संपवला. पुरावा नाही म्हणून सुटले. पारख म्हणे!

करणारी होती रतनबाई, अंबूबाईंची सासू. काळी, ठेंगणी, तोंडाने फटकळ. तिचा फोटो कुणी काढलाच नाही. अंबूबाईंना तिने मुलीसारखं शेजारी बसवून सगळं शिकवलं होतं, आणि आता तिच्या मेहनतीवर मामंजींच्या मिशा छापल्या जाणार होत्या. वाईट वाटलं अंबूबाईंना, फार वाईट वाटलं.

पण बोलायचं कसं? पन्नास वर्षं गावाला, पाहुण्यांना, भजनी मंडळाला 'आंबील' सांगितलेलं. आणि मोबाईलपुढे बोलणं म्हणजे पंचनाम्यावर अंगठाच. त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

बाहेर शेफालीने विचारलं, "नाचणी किती वेळ भिजवायची?"

"ते आपलं... मापानं," गोरख म्हणाला.

"मोड किती दिवस आणायचे?"

"येईस्तवर."

"आणि विरजण कशाचं?"

"दह्याचं की!"

"दह्याचं?" अंबूबाई आतून अशा ओरडल्या की ओसरीवरचं मांजर पळालं. "आरं मुडद्या, कढी करायचीया का?"

आणि गुडघ्यांवर हात रोवत त्या बाहेर आल्या, थेट मोबाईलसमोर. "घे गं बाई, लिवून घे. नाचणी एक रात भिजवायची. फडक्यात बांधून दोन दिस मोड. वाळवून जात्यावर भरडायची, कोमट पान्यात कालवून रांजनात. आन विरजान म्हंजे मागल्या रांजनाच्या बुडाचा गाळ! ह्ये समदं माज्या सासूचं. रतनबाई तिचं नाव. मामंजींनी निस्ती पिली."

"आये, आगं रेकाडिंग चालू हाय!" गोरख कळवळला.

"चालू दे. व्हय, दारूच व्हती ती. आंबील न्हवती. झालं समाधान?"

शेफाली भराभरा लिहीत होती. "आजी, आता कोण करतं?"

अंबूबाईंचा आवाज एकदम उतरला. "कुनी न्हाई. गुडगं गेलं तवापास्नं बारा वर्सं रांजान पालथा हाय. ल्येकाची अक्कल तर तू ऐकलीसच. म्या मेल्यावर संपलं."

मंगल पिठाचे हात झटकत उठली. परसात गेली आणि गोठ्यामागून एक तांब्या भरून घेऊन आली. तो सासूपुढे ठेवला.

"आगं, ही तर माजी सांजची आंबील!" गोरख म्हणाला. "डाक्टरनं साखरंवर सांगितल्याली."

"व्हय," मंगल म्हणाली. "म्हनून तर झोप लई ग्वाड लागती तुमाला."

अंबूबाईंनी तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"मंगल, तुला कुनी शिकवलं गं?"

"तुमीच की, आत्याबाई. फडकं धरायला हाक मारायचा, तवा बघत व्हते. तुमी आंबील म्हनायचा, मग म्या बी काय इचारलं न्हाई. रांजान पालथा पडला त्याच्या आदीच गाळ काढून ठिवला व्हता."

बावीस वर्षांत अंबूबाईंनी सुनेच्या भाकरीलासुद्धा कधी बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले. "माज्यापरास चांगली झालीया गं," त्या म्हणाल्या. "माज्या आत्याबाई असत्या तर तुला मांडीवर घेतली असती."

मग त्या शेफालीकडे वळल्या. "लिव. रतनबाई, अंबूबाई, मंगल."

शेफाली लेबलाचा नमुना हातात धरून बसली. "आजी, तीन नावं मावत नाहीत हो ह्याच्यावर."

अंबूबाईंनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि सावकाश खाली ठेवला.

"मग बाटली मोठी घ्या," त्या म्हणाल्या.