भिंतीला हात लावू नका

वस्तीत कुणालाही विचारा, अर्ज भरावा तर अर्जताईनंच. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. कुठल्या योजनेला कोणता दाखला लागतो, कुठल्या खिडकीवरचा कारकून जेवणाआधी चिडतो, सगळं तिला तोंडपाठ. भाडेकरूंना ओल धरलेल्या खोल्यांतून काढून सरकारी कोरड्या घरांत पोचवायचं, हे तिचं काम. त्याचा तिला गर्वही होता. असेना का, राबणाऱ्याला तेवढा असतोच.

शिवणवालीची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. पलंगामागची भिंत बुरशीनं छतापर्यंत काळी. तिची सात वर्षांची लेक चिमणी त्याच भिंतीला डोकं लावून झोपायची आणि दम लागला की उठून बसायची. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण पोरीला या खोलीतून हलवा. घरमालक म्हणे, खिडकी उघडी ठेवत जा. खिडकी उघडली की समोर गटार! त्या मेल्यालाच तिथं चार दिवस ठेवायला हवं होतं.

अर्जताईनं अर्ज केला. आजारी मूल आणि रोगट खोली, दोन्ही असलं की घर लवकर मिळतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण हा अर्ज दीड महिन्यातच हलला. गुरुवारी तपासनीस खोली बघायला येणार होते.

ताई अशा वेळी प्रत्येकाला दोन गोष्टी सांगायची. साहेबांना बसता येईल एवढी खोली आवरून ठेवा, ही पहिली. भिंतीला हात लावू नका, ही दुसरी. त्या दिवशी शिवणवालीला पहिली सांगितली आणि फोन वाजला. फोनवर बोलत बोलत ती निघून गेली. दुसरी राहिली ती राहिलीच.

शिवणवाली म्हणजे गिऱ्हाइकाच्या कपड्याला लोंबता दोरासुद्धा खपवून न घेणारी बाई. परक्या माणसाला ती काळी भिंत दाखवायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. शेजारच्या रंगाऱ्याकडं अर्धी बादली पांढरा रंग उरला होता, तो तिनं मागून आणला. बुधवारी मशीन बंद ठेवलं, भिंत खरवडली, दोन हात मारले. खालचा कोपरा चिमणीनं रंगवला, मध्ये मध्ये खोकत.

गुरुवारी तपासनीस आले. छापील कागदावर प्रश्न होता, बुरशी दिसते का? त्यांनी ‘नाही’वर खूण केली, भिंतीचा फोटो काढला आणि जाताना म्हणाले, घर छान ठेवलंय. शिवणवाली दिवसभर हरखलेली होती.

अर्ज नामंजूर झाला. अर्जताईनं कचेरीत डोकं फोडून घेतलं, पण नियम म्हणजे नियम, फेरतपासणी सहा महिन्यांनी. तीन आठवड्यांत रंगातून काळं पुन्हा वर आलं. चौथ्या महिन्यात चिमणी गेली.

सहा महिने भरले तसे तपासनीस पुन्हा आले. कुणी कळवलंच नव्हतं ना. या वेळी त्यांनी ‘हो’वर खूण केली. मंजुरीचं पत्र आलं, आजारी मुलासह कुटुंबासाठी, वरचा मजला, भरपूर ऊन.

पत्र घेऊन अर्जताई शिवणवालीकडं गेली. बाहेर सात-आठ बायका आपापले कागद घेऊन तिचीच वाट बघत उभ्या होत्या, कान आतच लावून. तिनं सांगितलं की घर मंजूर झालंय, पण आता ते मिळायचं नाही.

शिवणवालीनं पत्राला हातही लावला नाही. "ताई, खरं सांगा," ती म्हणाली. "मी रंग लावला नसता तर माझी चिमणी राहिली असती?"

चूक माझी, मी सांगायला विसरले. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अर्जताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दारातल्या बायका बघत होत्या. उद्या आपल्याकडून कोण अर्ज भरून घेईल, हा विचार मनात आलाच.

"भिंतीला हात लावायला नको होता तुम्ही," ती म्हणाली.

शिवणवालीनं मान हलवली. "माझंच कर्म," ती म्हणाली. "तुम्हाला मात्र फुकट हेलपाटे पडले." मग ती उठली आणि ताईला नीट बसता यावं म्हणून पदरानं खुर्ची पुसायला लागली.