सात मात्रांची शांतता

आमच्या ढब्ब्याला बाहेर लोक मोठा संगीतकार म्हणतात. घरात तो ढब्ब्याच. दोन परंपरांची सोयरीक जुळवणं हा त्याचा धंदा. रुसणार कोण, हे तो आधी बघत नाही.

या खेपेला त्यानं मावशीचं गाणं घेतलं. डोक्यावर ओझी घेऊन बायका रांगेनं चालत, तेव्हाचं. ते गाणं येणारी आता मावशी एकटीच उरली होती. तिच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं ते रेकॉर्ड केलं, मात्रा मोजून कागदावर उतरवलं आणि चाळीस वादकांपुढे ठेवलं. कार्यक्रमात मावशीनंच गावं, हा त्याचा हट्ट. "ती नसेल तर ही नुसती माझी करामत," म्हणायचा.

तालमीला मावशी आली. ती गात असताना मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबली. सात मात्रा. वाद्यवृंदाच्या संचालकांनी डोळे मिटले. या शांततेवर त्यांचा भारी जीव.

"काय रे, मेलं का कुणी?" मावशी म्हणाली.

"मावशी, तूच थांबली होतीस इथे. रेकॉर्डिंगमध्ये आहे."

"अरे गाढवा, दूध उतू चाललं होतं! गॅस बंद करायला उठले मी."

निम्मे वादक लगेच हसले, मराठी न कळणारे उरलेले शेजाऱ्यानं समजावल्यावर. मावशीनं मात्र पिशवी उचलली. "हे गाणं थांबत नाही. थांबलं की पाय चुकतो आणि ओझं मागचीच्या अंगावर. एकीचा दम सरला की दुसरीनं गाणं उचलायचं. मला नाही जमायचं तुमचं हे थांबणं."

"बाई, सगळी रचना त्या शांततेवरच उभी आहे," संचालक कळवळले.

ढब्ब्याचे कान लाल झाले. त्या सात मात्रांच्या गूढ अर्थावर त्यानं तासभर व्याख्यान दिलं होतं. तेही छापून आलेलं. तरी त्यानं पेन्सिल काढली आणि त्या मात्रा खोडल्या.

"मग तिथे वाजवायचं काय?" बासरीवालीनं विचारलं.

"मावशीला विचार."

मावशीनं पिशवी ठेवली, बासरीवालीला शेजारी ओढलं. "माझा दम आता पुरत नाही, पोरी. सुटला की तू उचल. तोंडाकडे नको, पायांकडे बघ."

पुन्हा सुरू झालं. तिसऱ्याच ओळीत मावशीचा आवाज विरला. बासरीनं तो उचलला. जरा उशिरा, जरा घाबरत. मावशीचे पाय जागच्या जागी चालतच होते.