कोड न लावता

एसेनबेकने गेम कन्सोलवरचा, कोड भरायचा जोड म्हणजे अडॅप्टर काढून ठेवला आणि घरातलं जुनं कार्ट्रिज तसंच खाचेत दाबलं. पडद्यावर घोडेस्वार दौडत आला. पहिल्याच दरीत त्याने स्वाराला मुद्दाम पाडलं. कोपऱ्यात उरलेल्या जिवांचा आकडा तीन होता. तो तीनच राहिला.

पुन्हा पाडलं. तरी तीनच.

"बोंबला," तो पुटपुटला.

जुन्या व्हिडिओ गेमच्या चोरवाटांचे कोड तो आणि त्याच्यासारखे काही हौशी लोक एका वेबसाइटवर सांभाळत. काही कोड जोडात भरायचे, काही थेट यंत्राच्या मेमरीत. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाच्या मथळ्याखाली दुसरा पडला की तो काही केल्या चालत नाही. असे भरकटलेले कोड आपापल्या जागी नेऊन ठेवायचे हा एसेनबेकचा रविवारचा उद्योग, आणि त्यात तो मनापासून सुखी होता. या गेममधले जीव कधीच न संपू देणारे कोड त्याने गेल्या रविवारी जोडाच्या मथळ्याखाली हलवले होते. आज सकाळी ताश्कंदहून त्यांच्यातल्याच दिल्फुजाने कळवलं, की तिच्याकडे त्यातला एकही चालत नाही. आधी कोड न लावता खेळून पाहायचं, हा त्यांचा पहिला नियम. घाईत एसेनबेकने नेमका तोच मोडला होता. त्याचं कार्ट्रिज बाजारातलं नकली होतं, आणि बनवणाऱ्याने गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ते अमरच करून विकलं होतं. त्यात कुठलाही कोड कसाही भरला तरी चालल्यासारखाच वाटणार.

दुरुस्ती सोपी होती, पण दुरुस्तीचं कारण लिहावं लागे. आणि कार्ट्रिज त्याच्या बायकोच्या, बर्मेतच्या लहानपणचं होतं. कराकोलला, तिच्या माहेरच्या इमारतीतल्या पोरांत या गेममधला शेवटचा किल्ला जिंकला तो तिने एकटीने. लग्नात तिच्या धाकट्या भावाने हीच गोष्ट सांगून प्याला उचलला होता. बर्मेत एरवी कशाचाच तोरा मिरवत नसे. एवढ्या एकाच गोष्टीचा मिरवी, आणि तेव्हा ती एसेनबेकला फार आवडे.

तो भाऊ, कुबात, आज जेवायला आला होता. बर्मेत चहा आणि तळलेल्या बोरसोकची परात घेऊन आली आणि नवऱ्याचं तोंड असं का, म्हणून विचारलं. एसेनबेकला थाप मारणं कधी जमलंच नव्हतं. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे एजे, तू मरतच नव्हतीस," कुबात बहिणीला म्हणाला. "आणि इतकी वर्षं आम्हाला टोमणे."

बर्मेत हसली नाही. परात ठेवून ती दिवाणाच्या कडेला बसली. उगाच बोललो, असं एसेनबेकला झालं. कारण म्हणून दुसरं काहीतरी लिहितो, असं तो म्हणाला.

"नको. खरं आहे ते लिही," ती म्हणाली. "लोक त्यावर विसंबतात."

कुबातने बहिणीकडे पाहिलं. मग कंट्रोलर उचलून तो खेळायला बसला. पहिली दरी त्याने कशीबशी ओलांडली. दुसरीत पडला. परत पडला. जीव तीनच होते, पण तो काही पलीकडे जाईना. शेवटी वैतागून त्याने कंट्रोलर खाली ठेवला.

"जेझ्दे," तो मेहुण्याला म्हणाला, "या कार्ट्रिजवर आम्ही सगळीच पोरं खेळलोय. माझेही जीव कधी संपले नाहीत, शेजारच्यांचेही नाहीत. आम्ही असेच कंटाळून उठलो. ही उठली नाही, एवढंच."

बर्मेतने तळवे एप्रनला पुसले.

"सरक," ती म्हणाली.

एसेनबेकने कोड मेमरीच्या मथळ्याखाली नेले आणि कारण लिहिलं: चाचणीचं कार्ट्रिज आधीपासूनच अमर होतं, कोड न लावता तपासायचं राहिलं, चूक माझी. त्याने मान वर केली तेव्हा चहा तसाच निवत होता. बर्मेतचा स्वार दुसऱ्या दरीत पडला, उठला, पुन्हा पडला. तिला कसलीच घाई नव्हती.