दर सोमवारचे वजन

मित्रांनो, मी व्यसनमुक्ती केंद्रातला एक जुना वजनकाटा आहे. माझ्या पाटावरचा रंग पावलांनी झिजला, पण काटा अजून शंभर ग्रॅमचीही चूक करत नाही. तरीही एका माणसाच्या बाबतीत मी चुकलो, आणि ते मला सोडत नाही.

सरकारने नशाविरोधी मोहीम काढली, तेव्हा मला नवा कोरा इथे आणले. फलक, भाषणे, सगळा थाटमाट झाला. पण केंद्र खरे चालवले ते सिस्टरांनी. कडक बाई! दर सोमवारी प्रत्येकाचे वजन करायच्या. त्याआधी चपला काढायच्या आणि खिसे रिकामे करायचे. "खिशात सगळा संसार घेऊन फिरतोस की काय?" असे म्हणत त्या ट्रे पुढे करायच्या. नशेने भूक मरते, म्हणून कुणाचे वजन वाढले की त्यांचा चेहरा खुलायचा.

इथे एक फिटर यायचा. नशेच्या गोळ्यांनी त्याचा पार सापळा झाला होता. पहिल्या दिवशी भरला एक्केचाळीस किलो. सात महिन्यांनी तो त्रेपन्नवर आला, तेव्हा त्याची बायको माझ्याकडे बघून चक्क हसली. माझे एवढे कौतुक कुणीच केले नव्हते.

मग मोहिमेचे वर्ष सरले. फलक उतरले, सिस्टरांची बदली झाली. औषधे, कागद, फोन आणि वजन, सगळे एकट्या कारकुनाच्या गळ्यात आले. खिसे कोण बघणार? फिटर पुन्हा गोळ्या घेऊ लागला होता. लाजेपोटी तो खिशांत लोखंडी नट भरून माझ्यावर उभा राहायचा. मी इमानाने चोपन्न दाखवले. पुढच्या सोमवारी पंचावन्न.

"वा! सुधारलास की रे," कारकून म्हणाला. बायकोने डोळे पुसले. मला ओरडावेसे वाटत होते, पण मला फक्त आकडा सांगता येतो.

असे चांगले चांगले आकडे वरच्या साहेबांकडे गेले. काम फत्ते झाले असे ठरले आणि केंद्राला कुलूप लागले.

लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे चार महिन्यांनी दार उघडले. सिस्टर परत आल्या. पहिल्याच सोमवारी फिटरची बायको आली, एकटीच.

"अगं, नवरा कुठाय तुझा?"

"गेले, सिस्टर. खिशातल्या नटांचं खरं काय ते सांगायचं म्हणून रोज इथवर यायचे. कुलूप बघून परत फिरायचे. मी म्हणायचे, उघडेल हो उद्या."

सिस्टरांनी हातातला रिकामा ट्रे माझ्या पाटावर ठेवला.

अजूनही सोमवारी माझ्यावर कुणी नसताना दोन पावलांचा भार जाणवतो. काटा थरथरतो. वाऱ्याने हलला असेल, असे कारकून म्हणतो. खिडक्या तर बंद असतात.

मित्रांनो, मोहीम सुरू होते तेव्हा टाळ्या वाजवायला सगळेच येतात. तुम्ही मोठे झालात की वर्ष सरल्यावरही येऊन बघत जा. दार उघडे आहे का, आत माणसे पुरेशी आहेत का, हे विचारत राहा. दाराशी आलेला माणूस उद्यापर्यंत टिकेलच असे नाही.