हिरव्या काठाचे कप

"माणसाची संस्कृती सोन्यात कळत नाही, चांदीत तर नाहीच नाही. ती कळते दुधी काचेत!"

असं म्हणून मारुतीरावांनी हातातला कप खिडकीतल्या उन्हात उंच धरला आणि काठावर निखाऱ्यासारखी झाक दिसते का, ते बघायला तिरका केला. कपात अजून अर्धा चहा होता. तो संस्कृतीसकट त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेला.

"काका, भाजलं न्हाय न्हवं?" गोमटेशची सून दिव्या फडकं घेऊन धावली.

"भाजू दे गं. झाक बघितलीस?"

गोमटेशच्या निपाणीतल्या घराच्या या पुढच्या सोप्यात, याच कपातून मारुतीराव चाळीस वर्षं चहा पीत आले होते. ते आणि गोमटेश बेळगावच्या कॉलेजात एका बाकावरचे. आपल्या कंग्राळी गावाहून निपाणीला आलं की मित्राच्या सोप्यात टेकायचं, हा तेव्हापासूनचा नेम. निवृत्तीनंतर मात्र त्यांना जुन्या दुधी काचेचा नाद लागला. दिव्यांचे घुमट, क्रीमच्या बरण्या, कुठल्याशा साहेबाचं साबणाचं भांडं, असं बरंच काही कपाटात जमलं. शहापुरातल्या एका भंगारवाल्याकडे हिरव्या काठाच्या सहा बशा मिळाल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत. बशा होत्या, कप नव्हते. आणि पुढच्याच खेपेला निपाणीत त्यांचं लक्ष चहावरून कपाकडे गेलं. तोच हिरवा काठ. मारुतीरावांना जबरदस्त ठसका लागला.

त्यांनी आधी स्तुती करून पाहिली. या भागात पाहुण्यानं एखादी वस्तू दोनदा वाखाणली की निघताना ती त्याच्या पिशवीत असते. शेवग्याच्या शेंगा, काकवीची बरणी, एकदा तर कुत्र्याचं पिल्लू त्यांना असंच मिळालं होतं. कप तेवढे मिळेनात. कपाचं नाव काढलं की गोमटेश पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

"एवढं काय रं बघतोस त्यात?" आजही तो वैतागला. "चांगलं काय तरी बघ की घरातलं."

मारुतीरावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "दिव्या, असे एकूण किती आहेत?"

"सहा, काका."

"सहाच्या सहा! आणि घरातली माणसं यातनं पीत न्हाईत?" त्यांच्या आवाजात आनंद मावेना. वापर कमी, म्हणजे टवके कमी.

"न्हाय. आमाला स्टीलचे पेले हाईत."

"मग हे कुणाला?"

दिव्या फडक्याची घडी घालत राहिली. गोमटेशनं तंबाखूचा भाव काढला. उंबऱ्याआड जपमाळ ओढत बसलेल्या त्याच्या आईचा, धोंडूबाईंचा, हात थांबला.

"मांसमच्छी खाणारं कोण बाहीरचं आलं की, त्येला," त्या हळूच म्हणाल्या.

"वा! उत्तम! फारच उत्तम!" मारुतीराव मनापासून म्हणाले.

दिव्या फडकं घेऊन आत निघून गेली.

घरी त्यांची चिडचिड ऐकून त्यांच्या पत्नीनं, यशोदाबाईंनी, हातातली भाजी खाली ठेवली. "सरळ मागा की वो. कपच हाईत न्हवं? पोरगी मागायला निघाल्यागत काय करताय?"

ते पटलं. पुढच्या खेपेला मारुतीराव दाढी करून, पिशवीत यशोदाबाईंचं जुनं मऊ लुगडं घालून निघाले. एकेक कप त्यात कसा गुंडाळायचा, ते बसमध्येच ठरलं.

गोमटेश दारातच उभा होता. "सोप्यात नको. आत ये."

चाळीस वर्षांत मारुतीरावांनी माजघर पाहिलं नव्हतं. त्यांना पाटावर बसवलं. आणि धोंडूबाई, नव्वदीच्या, भिंतीला धरत, स्वतः चहा घेऊन आल्या. स्टीलच्या पेल्यात.

"आई, हे काय?"

"त्या दिवशी तू ईचारलास, मारुती, आन् मला रातभर झोप न्हाय. पोरगा होतास तवापासनं येतोस. बरोबर टोचून बोललास बाबा. बोलायलाच पायजे हुतं."

"न्हाय वो, मी तसं..." मारुतीरावांची नजर माजघरभर फिरली. "आणि ते कप?"

"फोडलं."

"सगळे?"

"आजींनी एकटीनं फोडलं, काका," दिव्या अभिमानानं म्हणाली. "मागच्या परड्यात. वरवंट्यानं."

"ठिवलं असतं, तर हात परत तिकडंच गेला असता," धोंडूबाई म्हणाल्या.

मारुतीरावांनी तोंड उघडलं. बाहेरचा राहायला आपली काहीच हरकत नव्हती, आणखी चाळीस वर्षंसुद्धा नव्हती, हे सांगायचं कसं ते त्यांना सुचेना. त्यांनी तोंड मिटलं आणि पेला ओठांना लावला. स्टीलनं ओठ पोळला. डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना. ते बघून गोमटेशनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दिव्यानं नाक ओढलं, धोंडूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. लुगड्याची पिशवी मारुतीरावांनी पायानंच मागे सारली.

चहा संपला. ते उठले. "येतो, आई."

धोंडूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पाटाशेजारच्या रिकाम्या पेल्याकडे.

"मारुती, जाताना तेवढा पेला मोरीत विसळून पालथा घालून जा रं बाबा."