टेल्फरांच्या खांबावरच्या खाचा

मी एक जुना लाकडी खांब आहे. लोक म्हणतात मी उभा आहे, पण खरं तर माझा बराचसा भाग जमिनीत पुरलेला आहे आणि पुरलेल्याला खालची खबर आधी लागते. मित्रांनो, माझी हकिगत मी आजच सांगायला घेतली याला कारण आहे. कालपासून माझ्या पायाशी माती ओली होत चालली आहे आणि वर मात्र लख्ख ऊन पडलं आहे. या दोन गोष्टी एकदम घडल्या की मला स्वस्थ वाटत नाही.

आमच्या ब्रिस्बेनची नदी सरळ चालायला कधी शिकलीच नाही. ती शहरात इतकी वळणं घेते की आपण कुठेही उभे राहिलो तरी ती पुढे आहे की पाठीमागे, हे नवख्याला सांगता येत नाही. आमची गल्ली अशाच एका वळणाच्या पोटात आहे. मला तिथे आणलं हेक्टर टेल्फर याने. तो नावा दुरुस्त करणारा सुतार होता, कमी बोलणारा आणि जास्त बघणारा. तरुणपणी, अठराशे त्र्याण्णवच्या महापुरात, त्याने आपल्या बापाचं घर नदीतून जाताना पाहिलं होतं. पडदे लावलेलं ते घर सहलीला निघाल्यासारखं गेलं, पुलाला धडकलं आणि त्याच्या फळ्या झाल्या. तरी काही वर्षांनी हेक्टरने त्याच जागी पुन्हा घर बांधायला काढलं. माणसाचा जीव जागेत अडकतो, त्याला इलाज नाही.

माझं लाकूड आयर्नबार्कचं. ते इतकं कठीण असतं की खिळा आधी वाकतो. हेक्टरने मला तासलं, माझ्या पायांना डांबर फासलं, वाळवी वर चढू नये म्हणून माझ्या डोक्यावर पत्र्याची उलटी बशी बसवली आणि तिच्यावर घराची तुळई टेकवली. खांबांवर घर ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. वारा खेळतो, वाळवी लांब राहते. पण शेजाऱ्यांचे खांब खांद्याएवढे होते आणि हेक्टरचे माणसाने हात वर केला तरी टोकाला जेमतेम बोटं लागावीत एवढे. गल्लीला करमणूक झाली. समोरचा एक जण कुंपणाला टेकून विचारायचा, की बायकोला शिडी देणार आहेस का पंख?

हेक्टरने रंधा थांबवला नाही. “तिला शिडी पुरेल,” तो म्हणाला. “पंख तुम्हांला लागतील.”

पुढची किती तरी वर्षं माझी सुखात गेली. घराखाली सावली असे. तिथे कपडे उकळायचं तांब्याचं भांडं होतं, पावसाळी दिवसांत दोऱ्यांवर चादरी वाळायच्या, उन्हाळ्यात दुपारी पोरं थंड मातीत लोळायची आणि आंब्याच्या कोयी माझ्यावर फेकून नेम धरायची. हेक्टरची नात ऑलिव्ह त्यांत सगळ्यांत द्वाड. ती मला पाठ टेकून आजोबांजवळ बसायची आणि म्हातारा तिला नदीबद्दल सांगायचा. तो सांगे ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला पाठ आहे. पूर ओसरला की चिखल ओला आहे तोवरच खांबावर खाच पाडायची. चिखल वाळला की माणूस आठवणीतलं पाणी रोज थोडं थोडं खाली उतरवतो. आणि खाचेशेजारी साल लिहायचं नाही. साल सगळ्यांच्या लक्षात राहतं, उंची कुणाच्याच राहत नाही.

हेक्टर गेला, पण त्याच्या हयातीत माझ्यावर खाच पाडायची वेळ आली नाही. पोरं मोठी झाली. गल्लीतल्या लोकांनी आपापली घरं उंच खांबांवर उचलून घेतली, खाली भिंती घालून खोल्या काढल्या, त्यांत बिऱ्हाडं ठेवली, पियानो ठेवले. टेल्फरांचं घर तेवढं खालून उघडं राहिलं. लोक ऑलिव्हला म्हणायचे, की अगं, एवढी जागा वाया घालवतेस. ती तोपर्यंत संसारी बाई झाली होती. ती नुसती हसायची.

मग एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जानेवारी आला. पाणी माझ्या पायांवरून, गुडघ्यांवरून, छातीवरून चढत गेलं आणि वरच्या बशीच्या खाली चार बोटांवर येऊन थांबलं. ते थांबलं नसतं तर मी आज ही हकिगत सांगायला नसतो. गल्लीतल्या खोल्यांतले पियानो छताला जाऊन लागले होते. पाणी उतरल्यावर मागे राहिला तो वास मी कशाशीही ताडून पाहू शकत नाही. शेजारी भिंती धुऊन रंग लावायला लागले. ऑलिव्ह मात्र आजोबांची पटाशी घेऊन खुर्चीवर चढली आणि चिखलाच्या ओल्या रेषेवर तिने खाच पाडली. पटाशी दोनदा घसरली, तिच्या अंगठ्यातून रक्त आलं, पण तिने खोल कापलं. तिचा लहानगा ग्लेन जिन्यावर बसून बघत होता.

त्यानंतर नदीच्या वरच्या अंगाला मोठं धरण झालं आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. नदीला आता लगाम बसला, असं जो तो म्हणू लागला. मी धरण पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याविषयी बोलत नाही. मी लोकांना पाहिलं आहे. ते हळूहळू नदीविषयी बोलायचे थांबले आणि मग नदीकाठच्या जागांचे भाव बोलू लागले.

ऑलिव्ह म्हातारी झाली. तिचे गुडघे गेले. ग्लेन आता चाळिशी उलटलेला, बायकोसह तिथेच राहणारा, मनाने चांगला मुलगा. आईला तो उंच जिना दिवसातून चारदा चढावा लागतो हे त्याला बघवेना. म्हणून त्याने घराखाली तिच्यासाठी खोली काढली. मऊ गालिचा, रुंद पलंग, शेजारीच न्हाणीघर. मी नेमका खोलीच्या भिंतीत येत होतो, तेव्हा सुतारांनी मला प्लास्टरच्या तक्त्यांनी चारी बाजूंनी बंद करून टाकलं.

ऑलिव्ह म्हणाली, “ती खाच तेवढी उघडी ठेव रे.”

“आई, निजायच्या खोलीत पुराची खूण लावून कोण झोपतं?” ग्लेन हसत म्हणाला. “आणि आता धरण आहे.”

तिने पुढे वाद घातला नाही. मुलगा इतक्या मायेने करतो आहे, त्याच्यापुढे बोलायची तिला चोरी झाली. मित्रांनो, मायेने केलेली चूक रागाने केलेल्या चुकीपेक्षा वाईट, कारण तिला कुणी अडवत नाही. मी अंधारात गेलो. रोज झोपण्याआधी ऑलिव्ह भिंतीवर हात ठेवायची, तो नेमका माझ्यावर यायचा. तिचा श्वास मला ऐकू यायचा. ती पलंगावर निजलेली आणि तिने पाडलेली खाच तिच्या वर पुरुषभर उंचीवर, तक्त्याआड.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत येतो आणि मोठा पाऊसही तेव्हाच. कित्येक आठवडे पाऊस पडला आणि एका सकाळी थांबला. निळं आकाश, कडक ऊन. बातम्यांत सांगत होते की पाणी येतंय. पण एवढ्या उजेडात त्यावर विश्वास बसणं अवघड होतं. सगळी गल्ली नदी बघायला टोकाशी गेली. कुणी मुलांना खांद्यावर घेतलं होतं, कुणाच्या हातात बिअरची बाटली होती. तपकिरी पाण्यातून नावा बांधायचे तरंगते धक्के, पिंपं, एक आख्खी होडी वाहत चालली होती आणि लोक फोटो काढत होते. ग्लेनही बघून आला. पाणी किती चढतं ते बघायला काठावर त्याने काठी रोवून ठेवली होती आणि पाणी अजून रस्त्याच्या पुष्कळ खाली होतं. दुपारचा चहा झाला की सामान वर न्यायला लागू, असं त्याने बायकोला, रेनेला, सांगितलं.

पण मला कळलं होतं. माझ्या पायाशी माती गार पडली. मग मऊ झाली. मग तिच्यात एक बुडबुडा हलला. मी ओरडू शकत असतो तर त्या दिवशी सगळी गल्ली गोळा केली असती. मी खांब. खांबाचं काम धरून ठेवण्याचं, सांगण्याचं नव्हे.

तेवढ्यात न्हाणीघरातली मोरी बोलली. गुडगुड, एकदाच, घसा साफ केल्यासारखी. ऑलिव्ह पलंगावर उठून बसली. तिने ग्लेनला हाक मारली, आणि तो वरून कप हातात घेऊनच खाली आला.

“मोरी वाजली,” ती म्हणाली. “मला वर ने.”

“आई, मी आत्ता नदीवरून आलो. ती अजून तिकडे खाली आहे.”

“नदी पुढच्या दाराने येत नाही, ग्लेन. लोक तिकडे तोंड करून उभे असतात आणि ती गटारांतून पाठीमागून येते.”

तो समजुतीने म्हणाला, की हो, नेतो, आधी गाडी चढावर लावून येतो, रेनेला फ्रीज रिकामा करायला सांगतो, मग तुझंच. तो वळला. तेव्हा ऑलिव्हने काठी उचलली. लोखंडी टोकाची काठी होती. तिने ती दोन्ही हातांनी वर धरून माझ्या तक्त्यावर मारली. एकदा, दोनदा, मग मोजण्यात अर्थ नव्हता. पांढरा चुरा तिच्या केसांत पडत होता. ग्लेनला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. तो तिला धरायला धावला आणि त्याच वेळी तक्त्याचा मोठा तुकडा निखळून खाली आला.

मला उजेड दिसला. ग्लेनला मी दिसलो.

“हात लाव,” ऑलिव्ह धापा टाकत म्हणाली. “हात लावून बघ.”

ग्लेन चांगला उंच माणूस. त्याला हात पूर्ण वर करावा लागला. त्याचं बोट खाचेत गेलं आणि तिथेच राहिलं. मग त्याने हळूच खाली, आईच्या पलंगाकडे पाहिलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावरून पाण्याची एक पातळ, तपकिरी जीभ गालिच्यावर येत होती.

त्याने कप टाकला आणि आईला पाठुंगळी घेतलं. जिन्यावर तो दमला तेव्हा ती त्याच्या कानाशी म्हणाली, “गेल्या पुरात मी तुला असंच वर नेलं होतं. आता फिटलं.”

दिवस मावळायच्या आत पलंग बुडाला. या वेळी पाणी जुन्या खाचेपर्यंत पोचलं नाही; ऑलिव्ह उभी राहिली असती तर तिच्या हनुवटीला लागलं असतं. पण तिला फार वेळ उभं कुठे राहता येत होतं? ओसरल्यावर ग्लेनने चिखल ओला असताना पटाशी आणली. ऑलिव्ह वर जिन्यात बसून त्याला सांगत होती, की खोल काप, लाजू नकोस. अशी माझ्यावर दुसरी खाच आली, पहिलीच्या खाली. खोली त्याने मोडून टाकली. पुढे ऑलिव्ह वरच राहिली, वरच गेली, आपल्या बिछान्यात, कोरडी.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हांला त्रास दिला नसता.

ग्लेनला नोकरीसाठी दुसऱ्या शहरी जावं लागलं. घर विकताना त्याने घेणाऱ्याला माझ्यासमोर उभं करून सगळं सांगितलं. त्या माणसाने मान डोलावली. तो तीन वर्षांनी घर विकून गेला आणि जाताना त्याने ग्लेनचं बोलणं थोडंसंच पुढे दिलं. त्याच्यानंतरच्याने तेवढंही दिलं नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. पण मागच्याने पुढच्याला पाहिलेलंच नसेल तर काय करायचं?

आता इथे एक तरुण जोडपं राहतं, त्यांना टेस नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. घराखाली पुन्हा खोली झाली आहे, गालिचा आहे, न्हाणीघर आहे. मला मात्र या वेळी झाकलेलं नाही. जुनं लाकूड आता लोकांना आवडतं. मला घासून तेल लावलं आहे आणि पाहुणे आले की माझ्यावरून हात फिरवतात. टेसचा पलंग मला लागून आहे.

गेल्या महिन्यात तिच्या आईला माझ्यावरची खालची खाच दिसली. तिला फार गोड वाटलं. म्हणाली, की बघा, इथल्या जुन्या लोकांनी मुलांची उंची मोजून ठेवली आहे. तिने टेसला माझ्याशी पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ खाचेच्या वीतभर खाली आली. टेसला भारी आनंद झाला. दोन वर्षांत मी हिला गाठणार, असं ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि तिला दुसरी खाच दिसली, थेट छताजवळची.

“बाबा,” तिने विचारलं, “एवढं उंच कोण होतं?”

बाबा हसले. “कुणी तरी राक्षस असणार.”

मित्रांनो, तुमच्या गावातही असा एखादा खांब असेल, पायरी असेल, पुलाचा दगड असेल, ज्याच्यावर कुणी तरी मुद्दाम खूण केली आहे. तिला रंग लावू नका. ती काय आहे हे माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला शोधा. तो जिवंत आहे तोवर विचारा, आणि ऐकलं ते सगळंच्या सगळं पुढे द्या. माझी एवढीच विनंती आहे.

डोंगरात गेले कित्येक दिवस पाऊस पडत होता. आज थांबला. ऊन इतकं छान आहे की टेसचे आईबाबा टोकाशी नदी बघायला गेले आहेत. ती आजारी आहे, थोडा ताप आहे, म्हणून पलंगावर निजली आहे. तिचा हात झोपेत माझ्यावर टेकला आहे.

आत्ताच मोरी वाजली. एकदाच.

एवढं उंच कोण होतं, ते मला ठाऊक आहे.